जखमेला पीळ नसतो

आबा चित्र आधी उलटं करायचे. कुणी कितीही लांबून आलेलं असो, केवढाही नावाजलेला चित्रकार असो, चित्र हातात आलं की त्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ आपल्याकडे. मग चष्मा कपाळावर सरकवून ते ती पाठ वाचत बसायचे. चौकटीचे खिळे, कापडाची शिवण, ओघळलेला रंग, उंदरानं कुरतडलेला कोपरा. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. चित्रकार बिचारा घाम पुसत उभा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "सगळास्नं तोंड धुयेल ऱ्हास. पाठ देख पहिले."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते अजून हयात आहेत, आणि त्यांच्या नावाचं माझ्या हातून जेवढं नुकसान व्हायचं तेवढं झालेलं आहे.

नवापूरच्या बाहेर, सुरतेकडे जाणाऱ्या हायवेला लागून त्यांची गॅलरी होती. गॅलरी हा शब्द आम्ही सुरतेच्या लोकांसमोर वापरायचो. गावात तिला शेडच म्हणत, कारण ती शेडच होती, कोंबड्यांची. बर्ड फ्लूच्या साथीत पक्षी मारून पुरावे लागले, मालकानं धंदा सोडला, आणि मोठ्या शहरात वीस वर्षं चित्रांचा व्यवहार करून परतलेल्या आबांनी ती जागा घेतली. दोन्ही बाजूंना जाळी, त्यामुळे थेट ऊन न येता उजेड दिवसभर सारखा यायचा. हवा दमट झाली की जमिनीतून कोंबड्यांचा वास वर यायचा. कळसाडीला त्यांचे थोरले भाऊ ऊस आणि कापूस करत. ते एकदा शेड बघायला आले, चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "कोंबड्या गयात, आते हाई चित्रं अंडा देतीन का रे भो?" आबा म्हणाले, "देतीन. उबाले बठनारा जोयजे."

उबवायला ते ज्यांना बसवत ते म्हणजे सुरतेचे कापडवाले, एखादा डॉक्टर, एखादा बिल्डर. चित्रं जमवायची हौस असलेली, पण काय घ्यावं ते कळत नसलेली माणसं. त्यांना सल्ला देणं हाच आबांचा खरा धंदा. आणि त्या सल्ल्याची रीत अशी की धंद्यातल्या कुणी पाहिली असती तर कपाळाला हात लावला असता. 'याचा भाव पुढे वाढेल का' असं कुणी विचारलं की ते फटकन म्हणायचे, "भाव वाढाले जोयजे तर कापूस ले. मन्हाकडे काबर वना?" फोनवर पाठवलेले फोटो ते बघत नसत. "फोटोले पाठ नही ऱ्हास." एखादं चित्र कुणाला पसंत पडलं तर ते आठ दिवस त्याच्या घरी पाठवायचे, तेही सकाळचा चहा जिथे होतो त्या भिंतीवर टांगायच्या अटीवर. नवव्या दिवशी सकाळी सहाला आबांचा फोन जायचा. "शेठ, डाव्या कोपऱ्यात खाली काय आहे?" सांगता आलं नाही की त्याच दिवशी चित्र परत.

आणि एक प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. चित्रासमोर एकटं बसल्यावर भीती वाटली का? नाही वाटली तर घेऊ नका. एक शेठ हात जोडून म्हणाले होते, "आबाभाई, ये घर में लगाऊं तो घरवाली डर जाएगी." आबांनी गंभीरपणे विचारलं, "आणि तुम्ही?" शेठ म्हणाले, "मैं तो अभी से डरा हुआ हूं." ते चित्र शेठना मिळालं. शेठ पुढे आबांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक झाले.

मी त्यांच्याकडे सात वर्षं होतो. माझं काम हिंडायचं. डोंगरातल्या गावांपासून तापीकाठापर्यंत जो कुणी काही वेगळं काढतो असं कळेल त्याच्याकडे जायचं, काम आणायचं, आणि प्रत्येक चित्राच्या पाठीला चिकटवायची चिठ्ठी लिहायची. त्या चिठ्ठीत चित्रकाराचं नाव तर असेच, पण चित्र काढताना घरात कोण होतं, उजेड कुठून येत होता, मध्ये हात कशासाठी थांबला, हेही आबांना हवं असायचं. शेवटचं वाक्य ठरलेलं. 'हे काम या हातांनी होताना मी पाहिलं आहे.' खाली माझी सही, तिच्या खाली आबांची. शेठलोक चित्रापेक्षा त्या दोन सह्यांवर विश्वास ठेवत. किंवा खरं तर एका.

आबा कधी चिडत नसत. त्यातलं भय मला फार उशिरा कळलं. त्यांच्या तोंडी बहुतेक अहिराणी असायची, माझ्याशी, ट्रकवाल्यांशी, कलेक्टर कचेरीतल्या साहेबांशीसुद्धा. पण कुणी खोटं बोलतंय अशी शंका आली की ते एकदम पुस्तकी मराठीत शिरायचे. एका शहरातला चित्रकार सहा चित्रं घेऊन आला होता. आबांनी पाठी वाचल्या, मग त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "आपण चहा घेतलात का? ही सहा चित्रं आपल्याच हातची आहेत, असं आपण मला सांगत आहात ना?" तो हो म्हणाला. दोन चित्रं त्याच्या विद्यार्थ्याची होती. आबांनी त्याला चहा पाजला, आणि तो समोर बसलेला असतानाच एकेका शेठला फोन लावला. प्रत्येकाला त्याचं नाव सांगितलं, काय झालं ते सांगितलं. आवाज न चढवता, चौदा-पंधरा फोन. तो माणूस कप हातात धरून ऐकत होता. त्यानंतर त्याचं चित्र आमच्या बाजूला कुणी घेतलं नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहूनही मी जे केलं ते केलं.

चिंचपाड्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात एक बाई राहायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचो. आयुष्यभर अंड्यांच्या फार्मवर मजुरी केलेली. पिलांच्या चोची कापायच्या तापलेल्या पात्यावर त्यांचा उजवा अंगठा एकदा सापडला आणि बरोबर मधोमध आडवी खूण राहिली. पुढे त्यांचं फार्म बंद पडलं, तेव्हा शेडचे बारदानाचे पडदे त्यांनी घरी नेले, त्यावर माती आणि चुना सारवला आणि काजळीत बुडवलेल्या अंगठ्यानं ठसे उठवायला लागल्या. एक ठसा म्हणजे एक कोंबडी. असे हजारो ठसे, आणि प्रत्येकातून गेलेली ती पांढरी आडवी रेष. लांबून पाहिलं तर अंधारात दाटीनं बसलेले पक्षी, जवळ गेलं तर प्रत्येक कापलेला. मी पहिलं चित्र शेडमध्ये आणून उलगडलं तेव्हा आबा पाठ बघायचं विसरले. सात वर्षांत तेवढं एकदाच. मग म्हणाले, "तुले भ्याव वाटनं का?" मी म्हणालो, "वाटनं." ते म्हणाले, "माले बी."

मावशी ही माझी कमाई होती. आबांच्या नजरेत मला जी काही किंमत आली ती त्या दिवसापासून.

त्या मोठ्या गिऱ्हाईक शेठनी मावशींच्या अकरा चित्रांचा संच घ्यायचं ठरवलं. आबांनी शब्द दिला. 'होतील ना?' असं त्यांनी मला विचारलं, आणि मी मावशींना न विचारताच 'होतील' म्हणालो. पाच झाली होती. सहाव्यासाठी गेलो तर मावशी पडवीतल्या खाटेवर पडलेल्या. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. मिशनच्या दवाखान्यातून नुकत्याच घरी आणल्या होत्या आणि हात परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात त्यांची मुलगी होती, तिशी ओलांडलेली, नवऱ्याकडून कायमची परतलेली. ती म्हणाली, "दादा, अर्धं राहिलेलं चित्र मी पुरं केलं. आई बघत होती." तिनं ते दाखवलं. हात आईचाच वाटावा असा होता, कदाचित जास्त मोकळा. पण तिच्या अंगठ्याला खूण नव्हती. तिचे ठसे नुसते काळे, आणि त्यांतले पक्षी झोपल्यासारखे दिसत होते.

मी तेव्हाच नवापूरला जाऊन आबांना सांगायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. त्यांनी त्या मुलीच्या नावानं चित्रं लावली असती, हे आज मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत आहे. पण त्या पडवीत मला फक्त माझं 'होतील' ऐकू येत होतं. मी न विचारता शब्द दिला हे कळलं तर आबा मला 'आपण' म्हणतील, एवढीच भीती होती. मी खिशातून काहीतरी काढावं तितक्या सहज म्हणालो, "अंगठ्याला दोरा बांध. आडवा. मग रेष येईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "चालतं."

तिनं बांधला. उरलेली सहा चित्रं तशी झाली. चिठ्ठ्या मी लिहिल्या. घरात मुलगी होती, दोन शेळ्या होत्या, उजेड पूर्वेच्या दारातून येत होता. सगळं खरं. आणि शेवटचं ठरलेलं वाक्य. खाली माझी सही. आबांनी माझी सही पाहून आपली केली.

त्यानंतरचे तीन महिने मी कसे काढले ते सांगता येणार नाही. आबा भिंग उचलत तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून उठायचो. त्यांचा फोन वाजला की मी बाहेर हायवेवर जाऊन उभा राहायचो. चित्रं सुरतेला गेली, तिथे टांगली गेली, कुणी काही बोललं नाही, आणि त्यानं भीती कमी होण्याऐवजी रोज थोडी वाढत गेली.

त्या सहांतलं एक चित्र कोपऱ्यात उसवलं म्हणून शेठनी दुरुस्तीला परत पाठवलं. मी बाजारातून परतलो तेव्हा ते टेबलावर पडलेलं होतं आणि आबा त्यावर वाकले होते. त्यांच्या समोर पांढरा कागद होता. कागदावर दोऱ्याचा एक बारीक तंतू, नखाएवढा.

"बसा," ते म्हणाले.

मी बसलो.

"हा चुन्यात अडकला होता. आता ही रेष बघा. भिंगातून बघा. हिला पीळ आहे. जखमेला पीळ नसतो." मग माझ्याकडे न बघता, "आपण त्यांना चित्र काढताना शेवटचं कधी पाहिलंत?"

अजूनही सगळं सांगायची वेळ होती. मी एवढंच म्हणालो, "पावसाळ्याच्या आधी."

"ठीक आहे. उद्या सकाळी आपण दोघं जाऊ."

गाडी मी चालवत होतो. आबा कधी डोंगरात येत नसत, चित्रकाराचं घर बघितलं की चित्र दिसेनासं होतं असं त्यांचं म्हणणं. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी अंगणात बारदान पसरून बसली होती. अंगठ्याला दोरा होता. आम्हाला बघूनही तिनं तो सोडला नाही. खाटेवरून मावशी आमच्याकडे बघत होत्या, एका डोळ्यातून सारखं पाणी येत होतं.

आबांनी आधी मावशींना हात जोडले. मग मुलीसमोर उकिडवे बसले. "हा दोरा कशासाठी?"

"आईच्या अंगठ्याला रेष आहे, साहेब."

"तो बांधायला कुणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शेवग्याच्या झाडाकडे बघत होतो. त्याच्या शेंगा मोजत होतो म्हटलं तरी चालेल. मग तिनं आबांकडे पाहिलं, नीट, त्यांच्या डोळ्यांत, आणि म्हणाली, "कुणी नाही. मीच."

मला वाटलं, ती मला वाचवते आहे. माझा जीव भांड्यात पडला. हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा खरोखर जीव भांड्यात पडला होता.

येताना रेल्वेचं फाटक बंद मिळालं. सुरतेकडे जाणारी मालगाडी होती, संपता संपेना. आबा समोर बघत होते. राग ओसरला असावा, कारण पुन्हा अहिराणी सुरू झाली. "पोरगीना हात मायपेक्षा मोठा शे. माय पडनी, तिनं पुरं करं, हाई मी समजू शकस. पन दोरा?" मग म्हणाले, "दोरा नसता ना, तर तिन्हंच नाव लिखतू मी. सगळास्ले सांगतू. आते कसं लिखू? जिनं एकदाव खोटी जखम करी, तिन्हा हात कोन मानी?"

डबे जात होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दोरा मी सांगितला. तीन शब्द. फाटक उघडलं, मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला, आणि मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

शेडवर येऊन आबांनी फोन उचलला. मी समोर बसून माझ्या नावाची वाट बघत होतो. चिठ्ठी माझी होती, सही माझी होती, ते त्यांना दिसत होतंच. पण ते शेठना म्हणाले, "गलती मेरी है. न देखे हुए काम पर मैंने साइन किया." पलीकडून शेठचा आवाज मलाही ऐकू आला. "आबाभाई, तो फिर बाकी का क्या? वो भी ऐसा ही होगा?" आबांनी फोन खाली ठेवला. मग दुसरा फोन. मग तिसरा. एकालाही त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. ते शिक्षा म्हणून करत होते की दया म्हणून, मला विचारायची हिंमत झाली नाही.

ज्याला ज्याला शंका आली त्यानं चित्र परत पाठवलं. मावशींची, मग इतरांची, ज्यांच्यात काडीची खोट नव्हती तीही. आबांनी एकही नाकारलं नाही. वर्षभरात शेड उघडायचं कारण उरलं नाही. ते कळसाडीला भावाकडे राहायला गेले. आता त्या शेडमध्ये पुन्हा पक्षी आहेत. मी नवापुरात चौकटी बसवायचं छोटं दुकान चालवतो.

सहा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात कुणीतरी म्हणालं, तुमचे आबा थकले, आणि मला भलतीच भीती बसली. ते मुलीला खोटी समजूनच जातील, आणि ते फक्त माझ्यामुळे. मी कळसाडी गाठली. आबा ओट्यावर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पडवी, दोरा, शेंगा, फाटक. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबलो. मग ते काठी घेऊन उठले.

"माले काबर सांगस? तिले सांग. चाल."

"आबा, आज? एवढ्या लांब?"

"चाल म्हनस ना."

रविवार होता. आम्ही डोंगरात पोचलो तेव्हा मावशींची मुलगी नुकतीच चर्चमधून आली होती, पांढऱ्या साडीत. मावशी मागेच वारल्या होत्या. ती आता एका फार्मवर अंडी गोळा करायला जाते. चित्रं काढत नाही, हे विचारावं लागलं नाही. अंगणात पसरलेल्या बारदानांवर मिरच्या वाळत होत्या. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि उभी राहिली.

मी बोलायला तोंड उघडायच्या आत आबाच बोलले, तिला कळावं म्हणून साध्या मराठीत. "पोरी, तो दोरा. त्या दिवशी मी विचारलं, कुणी सांगितलं, तर तू म्हणालीस मीच. यानं सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग माझ्यासमोर का नाही बोललीस?"

ती गोंधळली. तिनं माझ्याकडे आणि मग आबांकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हीच सांगायला लावलं. दादा तुमचाच निरोप घेऊन यायचे ना. मग तुम्ही स्वतः येऊन विचारलं, कुणी सांगितलं. मी म्हटलं, मी गप्प राहावं असं साहेबांना पाहिजे असेल."

आबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "सहा वर्षं तुला वाटत होतं की खोटं मी करवलं?"

"आईपण तसंच समजून गेली."

"मी नव्हतं सांगितलं, पोरी."

मी म्हणालो, "खरं आहे. यांना माहीत नव्हतं. मीच. माझं एकट्याचं."

तिला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. ती आबांकडेच बघत होती. साधेपणानं, जणू हिशोबात राहिलेली एक गोष्ट लक्षात आणून देतेय तशी म्हणाली, "पण साहेब, यांना पाठवत तर तुम्हीच होतात."

आबा म्हणाले, "हो."

ती आत गेली. चुलीवर काहीतरी होतं.

आबा हळूहळू गाडीपाशी आले. जाताना ते माझ्या शेजारी बसले होते. आता त्यांनी मागचं दार उघडलं, काठी आत घेतली, आणि मागे बसून दार ओढून घेतलं. त्यांना माझं तोंड दिसू नये असा समोरचा आरसा मी वरच्या बाजूला वळवला आणि गाडी सुरू केली.